मागच्या सीटला वारा लागत नाही

"काळी आहे," नेबोयशा म्हणाला आणि भरल्या मिरचीचा घास काट्यावर तसाच ठेवून त्याने दोन्ही हातांनी गाडीची लांबी दाखवली. डावा हात बायकोच्या ग्लासाला लागला, उजवा बापाच्या कानाला. "एवढी! आणि डिकी विचारूच नका. आपला अख्खा हिवाळा मावेल तिच्यात. मिरच्यांची पोती, कोबीचं पिंप, लाकडं, सगळं."

"आणि माणसं?" बिल्यानाने ग्लास सावरत विचारलं.

"माणसं पाच."

टेबलाभोवती सहा जण जेवत होते आणि सातवा, तीन महिन्यांचा सावा, पाळण्यात झोपला होता. पण नेबोयशाला बेरीज करायची नव्हती. शुक्रवारी संध्याकाळी कूम ल्युबिशाच्या गाड्यांच्या अड्ड्यावर त्याने ती काळी गाडी पाहिली, तिच्या दारावरून हात फिरवला, कूमने रकियाची बाटली काढली आणि तिसऱ्या पेल्याला दोघांनी हातात हात दिला. कूम म्हणजे त्याच्या लग्नाचा साक्षीदार आणि पोरांचा धर्मपिता; असे दोघं एकमेकांना कूमच म्हणतात. सख्ख्या भावाला दिलेला शब्द एखादवेळ फिरवता येतो, कूमला दिलेला फिरवत नाहीत. ही हातात हात देण्याची गोष्ट मात्र त्याने घरी अजून सांगितली नव्हती.

जेवणाच्या खोलीला दोन खिडक्या आणि एक दार. जुलै चालू होता, बाहेर सदतीस अंश, आणि या तिन्हींपैकी एकच काय ते उघडं ठेवायची परवानगी होती. दोन उघडली की प्रोमाया. एकीकडून शिरून दुसरीकडून बाहेर पडणारा हा वारा आमच्याकडे फार बदनाम आहे. आमच्या वाल्येवो शहरात कुणाची मान आखडो, दाढ दुखो, नाहीतर पोरगं गणितात नापास होवो, पहिला संशय प्रोमायावर. मिलुंकाआजीचं तर तिच्याशी जन्माचं वैर. एकदा बिल्यानाने स्वयंपाकघराच्या दोन्ही खिडक्या एकदम उघडल्या आणि सासू-सुनेत अकरा दिवस अबोला झाला. त्यानंतर बिल्याना तो शब्द फक्त चिडवायला वापरायची. दूध नासलं तरी म्हणायची, "प्रोमाया लागली असेल."

"मला पटते ही काळी," तिहोमिरआजोबा म्हणाले.

सगळ्यांनी वळून पाहिलं. लाली विकण्याला आजपर्यंत सगळ्यात जास्त विरोध त्यांचाच होता. लाली म्हणजे दारातली ती छोटी लाल गाडी. नेबोयशा सैन्यात गेला तो तिच्यातून, बिल्याना लग्न होऊन आली ती तिच्यातून, आणि तिन्ही पोरं दवाखान्यातून घरी आली तीही तिच्यातूनच. मोतीबिंदूमुळे डॉक्टरांनी वसंतात आजोबांचं गाडी चालवणं बंद केलं, तरी ते रोज सकाळी तिच्यात जाऊन बसत आणि रेडिओ ऐकत.

"काळ्या गाडीला मान असतो," आजोबा पुढे म्हणाले. नेबोयशाने त्यांना काल गुपचूप कबूल केलं होतं की पुढची सीट कायमची त्यांची. "रादिसाव मेहुण्याच्या अंगणात अशी गाडी शिरली की माणसं उठून उभी राहतील."

"बाबा, तुम्ही कुठे बसणार त्यात?" बिल्यानाने शांतपणे विचारलं.

"पुढे!"

"मग मी?"

"तू मागे, पोरांबरोबर."

"मागे तेओदोरा, वुकान आणि सावाची खुर्ची. झाल्या तीन जागा."

आजोबांनी सुरी, काटा आणि मीठदाणी मांडून हिशेब केला. मग मीठदाणी उचलून पुन्हा केला. सून पोराला पाजायला बरोबर हवीच, नेबोयशा चालवणार, म्हणजे उरले ते स्वतः. त्यांनी मीठदाणी जागेवर ठेवली आणि मुलाकडे असं पाहिलं, जसं पन्नास वर्षांच्या नोकरीत फोरमनकडे कधी पाहिलं नसेल.

"गाडी हलकट आहे," ते म्हणाले.

"बाबा, आत्ता तर म्हणालात..."

"आत्ता मोजलं नव्हतं!"

"आणि आई?" बिल्यानाने नवऱ्याला विचारलं.

"आई कुठे येते? आई, तुला यायचंय का कुठे?"

मिलुंकाआजी मिरचीचं देठ ताटाच्या कडेला लावत होती. तिने मान वर केली नाही. "मला कुठे जायचंय? घरी कुणीतरी हवंच. माझी काळजी नका करू, तुम्हाला हवी ती घ्या."

"बघ!" नेबोयशा बिल्यानाला म्हणाला. तो आईचं बोलणं जसंच्या तसं खरं मानायचा.

मिलुंकाने देठ लावून झाल्यावर ते मोजले. दोन ऑगस्टला बारा दिवस उरले होते. त्या दिवशी संत इलिया, तिच्या माहेरच्या घराण्याची स्लावा, म्हणजे कुलसंताचा सण. डोंगराच्या वाटेवर, घाट संपतो तिथे रादिसावचं घर. रादिसाव तिचा थोरला भाऊ, यंदा ऐंशीचा झाला. त्याच्या गुडघ्यांमुळे त्याला खाली शहरात येता येत नाही आणि वर जाणारी बस चार वर्षांपूर्वी बंद झाली. पूर्वी वुकान मांडीवर मावायचा तेव्हा लालीत सगळे जात. तो वाढला, वाटेत पोलिसाने एकदा अडवून दम दिला, आणि त्या साली मिलुंका म्हणाली की घरी कुणीतरी हवंच. ते तीन वर्षं चाललं होतं. नेबोयशाने एकदा दोन फेऱ्या मारायची तयारी दाखवली, तर ती म्हणाली, "मी काय सिमेंटची गोणी आहे, दुसऱ्या फेरीला न्यायला?"

स्लावाला आमच्याकडे बोलावणं करत नाहीत. संताचा दिवस सगळ्यांना ठाऊक असतो, ज्याला यायचं तो आपणहून येतो. त्यामुळे रादिसाव "ये" म्हणत नव्हता आणि मिलुंका "न्या" म्हणत नव्हती. भावाला वाटायचं, बहीण विसरली. मिलुंकाला हे माहीत होतं आणि ते तिला फार लागायचं. पण ती दर वर्षी अक्रोडाची बिस्किटं भाजून, डब्याला दोरी बांधून पाठवून द्यायची आणि दारात उभी राहून हात हलवायची.

*

दुपारी चारला सगळं खटलं कूमच्या अड्ड्यावर पोचलं. म्हणजे लालीतून पाच पोचले. आजी आणि तेओदोरा पायी आल्या, कारण अड्डा दोन गल्ल्या पलीकडेच होता. तेवढ्या अंतरात आजीने नातीला तीन वेळा डोक्याला रुमाल बांधायला सांगितलं आणि तेओदोराने तीन वेळा "हो" म्हणून बांधला नाही.

कूम ल्युबिशा म्हणजे पोट, मिशा आणि मोठा आवाज. त्याने आधी कॉफी दिली, मग कलिंगड, मग काळ्या गाडीवरची चादर अशी ओढली जशी पुतळ्याचं अनावरण करतात. "ही बघा! एका जर्मन मास्तरांची. रविवारी चर्चला जायचे, बस्स."

"तुमच्याकडच्या सगळ्या गाड्या जर्मन मास्तरांच्याच कशा असतात, कूम?" बिल्यानाने विचारलं.

"मास्तर खूप आहेत तिकडे."

नेबोयशा स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता. या गाडीतून तो ऑफिसच्या फाटकात शिरेल आणि पहारेकरी आपणहून फाटक उघडेल, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. वीस वर्षं आपण गाडी कुणाच्या तरी सोयीने चालवली, आधी बापाच्या, मग पोरांच्या. एक गाडी माणसाने स्वतःसाठी घेऊ नये का? हे तो कुणाला बोलला नाही, कारण मागच्या सीटवर वुकान आधीच उड्या मारत होता.

मिलुंकाआजीने खिडकीतून आत डोकावून पाहिलं. "ही भोकं कसली?"

"एसीची, आजी! थंड वारा येतो!" वुकानने मोजायला सुरुवात केली. "एक, दोन... छताला पण आहेत! अकरा!"

"अकरा?" आजीने छातीवर क्रॉसची खूण केली. "घराला दोन खिडक्या उघडू देत नाही मी, आणि ही बया अकरा ठिकाणांहून फुंकते? मूत्रपिंडं राहतील का कुणाची?"

"आई, तू नाहीयेस ना बसणार त्यात," नेबोयशा म्हणाला.

तो हे अगदी प्रेमाने, आईला दिलासा द्यावा म्हणून म्हणाला. आजी "हो, ते खरंच" असं म्हणाली आणि कलिंगडाच्या थाळीकडे जाऊन उभी राहिली. तिथे तिने एक फोड उचलली आणि खाल्ली नाही.

बिल्यानाची नजर सासूच्या पायांकडे गेली. काळे, पट्ट्याचे, पॉलिश केलेले बूट. हे बूट ती फक्त ईस्टरला घालायची, आणि पूर्वी भावाकडे जाताना. दोन गल्ल्या पलीकडे गाड्या बघायला कुणी ते बूट घालत नाही. गेल्या तीन वर्षांत स्लावाहून परतल्यावर हीच बाई भांडी विसळता विसळता बिल्यानाला विचारायची की कोण कुठे बसलं, कोकरू मऊ झालं होतं का, विहिरीजवळच्या आलुबुखाराला फळ धरलं का, रादिसावने काही विचारलं का. नेबोयशा त्या वेळी टीव्ही बघत असायचा. बिल्याना सगळं सांगायची, आणि शेवटच्या प्रश्नाला दर वर्षी खोटं बोलायची की हो, विचारलं, खूप विचारलं. खरं म्हणजे रादिसाव बिस्किटांचा डबा उघडायचा नाही. मांडीवर घेऊन बसायचा.

या बाईने चौदा वर्षं माझ्या सूपमध्ये मीठ टाकलंय, बिल्यानाच्या मनात आलं. माझ्या धुतलेल्या चादरी पुन्हा धुतल्यात. आणि आता मीच हिच्यासाठी नवऱ्याशी भांडणार, काय नशीब आहे!

"कूम, ती पांढरी कुणाची?" तिने कुंपणापाशी उभ्या असलेल्या एका उंच, चौकोनी गाडीकडे बोट केलं.

"ती होय?" कूम नाराज झाला. "ती सात जणांची. चांगली आहे, पण रूप नाही."

"पाववाल्याची गाडी आहे ती!" नेबोयशा काळीतून बाहेर आला. "सकाळी सिग्नलला थांबलो तर लोक पाव मागतील माझ्याकडे."

"मग दे. पुण्य लागेल."

"बिल्याना, ते जमणार नाही." त्याने आवाज खाली आणला. "मी हात दिलाय."

"कुणाला?"

"कूमला. शुक्रवारी. या काळीवर."

कूमला दिलेला हात म्हणजे काय, हे तिलाही माहीत होतं. "रकिया किती झाली होती?"

"तीन."

"तीन पेल्यांत तू आईला घरी बसवून टाकलंस?"

"आईला यायचंच नाहीये! तिला विचार!"

"विचारलंस की मघाशी, सगळ्यांसमोर. 'न्या हो मला' म्हणेल ती? तुझी आई?"

तेवढ्यात आजोबांनी पांढऱ्या गाडीचं सरकतं दार धाडकन उघडलं आणि दोन मिनिटांत पक्ष बदलला. आत उभं राहून टोपी न काढता वळता येतं, हे त्यांनी वळून दाखवलं. वुकानने मागच्या भागात घडी करून ठेवलेल्या दोन सीट ओढून काढल्या. "आजी, ही तुझी आणि ताईची!"

मिलुंकाआजी जवळ आली. पुढची दोन, मधली तीन, आणि पार मागे, डिकीच्या जागी, ही दोन. तिचा चेहरा आधी उजळला, मग तिने तो ताब्यात घेतला. "डिकीत बसू? बकरी आहे का मी, दोरी बांधून न्यायला?"

"डिकी नाही मिलुंका, सीट आहे चांगली," आजोबा म्हणाले.

"तू गप्प बस तिहोमिर, तुला पुढची मिळाली आहे." आणि मग मुलाकडे न बघता, "मी म्हटलंच होतं, मला कुठे जायचंय. घ्या तुमची ती काळी."

नेबोयशाचा चेहरा सुटकेने सैल पडला. कूमने पुन्हा काळीची चावी हातात घेतली. आणि आजी पाठ वळवणार, एवढ्यात बिल्याना पुढे झाली, पोराला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि मागच्या काचेवर बोटाने टकटक केलं.

"आई, इकडे बघा. ही काच उघडतच नाही. पक्की बसवलेली आहे, दोन्हीकडची. वर छतालाही भोकं नाहीत इथे, मी बघितलं. पुढे बसलं तर वारा, मधे बसलं तर वारा. सगळ्या गाडीत ही एकच जागा अशी आहे, जिथे प्रोमाया लागत नाही."

कूमच्या हातातल्या चाव्या वाजायच्या थांबल्या. तेओदोराने फोनमधून डोकं वर काढलं. चौदा वर्षांत बिल्यानाच्या तोंडून हा शब्द हसल्याशिवाय बाहेर पडलेला कुणी ऐकला नव्हता.

मिलुंकाने सुनेच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. ओठांचा कोपरा पाहिला, भुवई पाहिली. चेष्टा कुठेच सापडली नाही. मग तिने स्वतः काचेवर टकटक केलं, कडेच्या रबरावरून बोट फिरवलं.

"उघडत नाही?"

सुनेने काच ढकलून दाखवली.

"म्हाताऱ्या माणसाला हीच जागा बरी," बिल्याना म्हणाली. "पण बकरी म्हणत असाल तर राहू दे."

"पोरीला मागे एकटीला कशी बसवणार?" मिलुंका पायरीवर बूट ठेवत म्हणाली. "डोक्याला रुमालही बांधत नाही. मलाच बसावं लागेल." ती आत गेली, मधल्या सीटवरून गुडघा ओढून पलीकडे पोचली, कुणाचाही हात न घेता, आणि स्कर्ट सारखा करून बसली. तिथून तिने कूमला हुकूम सोडला, "चावी दे त्याला. एक चक्कर मारून बघू."

नेबोयशाने कूमकडे पाहिलं. त्या नजरेत सगळा शुक्रवार होता.

कूम ल्युबिशाने मिशीवरून हात फिरवला. त्याने आजपर्यंत पुष्कळ मास्तर विकले होते, पण मिलुंकाआजीला गाडीतून खाली उतर म्हणायची त्याची छाती नव्हती. "हात दिला होता खरा," तो विचार करत म्हणाला. "पण कूम, कोणत्या गाडीवर? मला तर रकियाच आठवते."

*

अशी ती पांढरी गाडी सात माणसं घेऊन रस्त्याला लागली. आजोबा पुढे, मांडीवर टोपी. एसी बंद, कारण आजी आत होती. सगळ्या काचा वर, कारण आजी आत होती. वुकानच्या नाकावरून घाम टपकत होता, आजोबा लाल झाले होते. सावा तेवढा झोपला होता.

"पेट्रोलपंपापर्यंत जाऊन वळतो," नेबोयशा म्हणाला.

"डावीकडे घे," बिल्याना म्हणाली.

डावीकडचा रस्ता डोंगराकडे जातो. नेबोयशाने डावीकडे घेतलं. शहर संपलं, पूल गेला, चढ सुरू झाला, आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना नुकतंच कापलेलं गवत वाळत पडलेलं दिसायला लागलं. सहा जणांनिशी या चढावर लाली नेहमी हुंदके द्यायची. ही निमूट चढत होती, आणि ते नेबोयशाला आवडलं, त्याची इच्छा नसताना.

मग त्याने आरशात पाहिलं. इतक्या लांबून आरशात आईचा चेहरा अगदी लहान दिसत होता. ती काचेला नाक लावून बसली होती आणि तिचे ओठ हलत होते. आधी त्याला वाटलं, प्रार्थना म्हणतेय. मग कळलं, ती घरं मोजतेय. ही मिलोसावाची गिरणी, हे मास्तरीणबाईंचं, ही तोडलेली अक्रोडाची रांग. तीन वर्षांत कुठे काय बदललं ते ती तेओदोराला सांगत होती, आणि तेओदोरा फोन बाजूला ठेवून ऐकत होती. आईला यायचं होतं, हे नेबोयशाला तेव्हा समजलं. तीन वर्षं ती दारात उभी राहून हात हलवायची आणि आपण हॉर्न वाजवून निघून जायचो. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"कूमला आजच सांगतो," तो स्टिअरिंगकडे बघत म्हणाला. "पाव तर पाव."

बिल्यानाने मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि घामाने ओला लागला म्हणून लगेच काढला.

घाटाचं दुसरं वळण आलं. तिथून वर, झाडीत, रादिसावच्या घराचं छप्पर दिसतं.

"नेबोयशा," मागून आवाज आला.

"काय आई?"

"जरा खिडकी उघड."

नेबोयशाने करकचून ब्रेक दाबला. "आई! चक्कर येतेय? छातीत दुखतंय?"

"मला काय धाड भरलीय? उघड म्हटलं ना."

त्याने आपली काच बोटभर खाली केली, आईच्या चेहऱ्याकडे बघत.

"पूर्ण. आणि पलीकडची पण."

"दोन्ही?" आजोबांनी स्वतःच्या कानांवर हात ठेवले.

दोन्ही काचा खाली गेल्या, गाडी पुन्हा चढाला लागली आणि वाळत्या गवताचा, शेणाचा, उन्हाचा वास घेऊन वारा गाडीच्या एका बाजूने शिरला आणि दुसरीकडून निघाला. आजोबांची टोपी उडून मागे आली. मिलुंकाने डोक्यावरचा रुमाल सोडला आणि पांढरे केस मोकळे होऊ दिले.

"आई!" बिल्याना ओरडली, आणि ती खरोखर घाबरली होती. "प्रोमाया लागेल तुम्हाला!"

"काही होत नाही," मिलुंका डोळे मिटून म्हणाली. "माहेरचा वारा आहे हा. हा लागत नाही." मग तिने एक डोळा उघडला. "सावाला मात्र टोपी घाल. त्याचं कुठे माहेर आहे इथे?"